चौथी पायरी

मास्तरांनी शॉट तीनदा पाहिला आणि खुर्ची मागे सारली. बारा सेकंदांचा शॉट होता. एक अस्वलीण ओल्या चादरींचं गाठोडं जमिनीवरून उचलते, पोटाशी धरते आणि गच्चीच्या जिन्याच्या सात पायऱ्या चढते, बस्स. अस्वलीण देखणी होती, अंगावरचा केस न् केस मेहनतीने रंगवलेला. तरी मास्तरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

"गाठोड्यात कापूस आहे," ते म्हणाले. "आणि अस्वलातही कापूसच आहे."

ज्याला हे ऐकवलं त्याला स्टुडिओत सगळे बारक्या म्हणत. तो चौतीस वर्षांचा, दारात वाकून आत येण्याइतका उंच माणूस होता. पण घरी ताई बारक्या म्हणायची, ते एकदा कुणीतरी फोनवर ऐकलं आणि मग नाव चिकटलं ते चिकटलंच. नऊ वर्षं तो कॉम्प्युटरवर माणसं, जनावरं आणि भुतंखेतं चालवत होता. चालवायचा चांगली, पण सगळी एकसारखी. त्याचा हत्तीही तसाच चालायचा आणि त्याचा कारकूनही.

मास्तर स्टुडिओतल्या सगळ्या ॲनिमेटरांचे प्रमुख. हुद्दा मोठा होता, पण शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे म्हणून ते मास्तर. त्यांनी बारक्याला खाली बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की नऊ वर्षांत तू जिवंत माणसाकडे बघितलेलंच नाहीस, तू इतरांच्या ॲनिमेशनकडे बघून ॲनिमेशन करतोस. दोन महिने देतो. वही घे, पेन्सिल घे, समोर माणूस बसव आणि काढ. दोन महिन्यांनी, बुधवारी, हाच शॉट परत बघेन. त्याच दिवशी नव्या फिल्मची माणसं निवडायची आहेत. गाठोड्याला वजन आलं तर तू आत, नाहीतर तुझी वाट वेगळी, आमची वेगळी.

बारक्याला दुसरं काहीच येत नव्हतं. हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो घाबरला.

दर रविवारी सकाळी एका छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये मास्तर स्वतःच चित्रांचा वर्ग घेत. मधोमध लाकडी चौथरा, त्यावर मॉडेल, भोवती दहा-बारा जण वह्या घेऊन. मॉडेल म्हणजे साठी उलटलेली एक बाई, सगळ्यांची मावशी. सव्वीस वर्षं इस्पितळात हाडांच्या वॉर्डात आया होती. जन्मभर दुसऱ्यांना धरून उभं केलं, आता नुसतं उभं राहायचं काम मिळालंय, असं ती हसून सांगायची. पहिल्या रविवारी तिने शाल बाजूला ठेवली आणि उघड्या अंगाने चौथऱ्यावर चढली, तेव्हा बारक्या दहा मिनिटं आपल्या कोऱ्या कागदाकडेच बघत बसला. मावशीच त्याला म्हणाली, की अरे, मी इकडे आहे.

मास्तरांचा नियम एकच होता. हात म्हणू नका, पाय म्हणू नका. नाव घेतलं की डोळा मिटतो, मग माणूस बघतच नाही, माहीत असलेलंच काढत बसतो. रेघ बघा. वजन कुठून निघतं, कुठे जाऊन टेकतं, ते बघा. एकेका चित्राला तीस सेकंद, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख. खोडरबर आणणाऱ्याला ते दाराबाहेर ठेवायला लावत.

आणि खरोखर फरक पडू लागला. तिसऱ्या रविवारपर्यंत बारक्याला कळलं, की माणूस काही उचलायच्या आधी वर जात नाही, खाली जातो. पाय आधी जमीन चाचपतात. ओझं हातात येण्याआधी कंबरेला कळतं, आणि खांद्यांना सगळ्यात शेवटी. हे सगळं त्याला नऊ वर्षांपूर्वी पुस्तकात वाचून पाठ होतं, पण पेन्सिलीला माहीत नव्हतं. आता पेन्सिलीला कळायला लागलं. अस्वलिणीचे पहिले चार सेकंद त्याने मोडून नव्याने केले आणि पहिल्यांदाच तिचे पंजे फरशीवर टेकल्यासारखे वाटले.

अडचण एकच होती. मावशी उभी राहायची, बसायची, वाकायची, पण छापखान्याच्या हॉलमध्ये तिला गाठोडं देऊन जिना कोण चढवणार? बारक्या आठवडाभर बाजारात ओझं वाहणाऱ्यांच्या मागे फिरला. ती माणसं त्याच्यासाठी थांबत नव्हती, आणि एकाने तर वही बघून शिवी हासडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. घरात रोज सकाळी एक बाई गाठोडं उचलून सात पायऱ्या चढत होती, आणि हा बाजारात धक्के खात होता.

ताई बारक्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, ती एकवीसची. वडील त्याआधीच गेलेले. ताईचं लग्न ठरलेलं होतं. त्या लोकांनी विचारलं की पोराचं काय करणार, ती म्हणाली सोबत आणणार, आणि विषय तिथेच संपला. तिने बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं. नवे कपडे ती शिवत नसे. जुने उसवून घट्ट करणं, सैल करणं, उंची कमी करणं, चेन बदलणं, पडद्यांना दुमड घालणं, ही तिची कामं. खोलीच्या कडेला लाकडी जिना होता आणि वर माळा. झालेलं काम माळ्यावर टांगून ठेवायचं, म्हणजे खाली मशीनला जागा राहायची.

त्या महिन्यात एका सभागृहाचे जाड मखमली पडदे दुरुस्तीला आले होते. ताई एकेका पडद्याचं गाठोडं बांधून वर न्यायची. बारक्याने तिला बुधवारच्या शॉटचं सांगितलं आणि म्हणाला, की सकाळी मी स्टूलवर बसेन, तू तुझं काम कर, मी आहे असं समजूच नकोस. ताईला गंमत वाटली. जन्मभर मी लोकांच्या अंगाची मापं घेतली, आता माझं कुणी घेतंय, म्हणाली. पहिल्या दिवशी तिने केस नीट बांधले आणि चढताना पोट आत घेतलं. दुसऱ्या दिवसापासून विसरली.

मग बारक्याची वही भरू लागली. खाली वाकलेली ताई, गाठोड्याखाली हात घालणारी ताई, पहिल्या पायरीवर, तिसऱ्या पायरीवर. चित्र हुकलं की तो म्हणायचा, "ताई, परत एकदा." ती गाठोडं घेऊन खाली यायची आणि परत चढायची. कुरकुर कधी केली नाही. एकदा मात्र तिसऱ्यांदा खाली आल्यावर जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली की हल्ली पाय भरून येतो रे. बारक्या म्हणाला, अशीच उभी राहा, हलू नकोस. ते चित्र फार सुरेख आलं.

पाचव्या आठवड्यात चित्रांत एक नवी रेघ आली आणि बारक्या तिच्यावर लट्टू झाला. उभं राहताना डावी कंबर उचललेली, उजवा गुडघा सैल, सगळा भार एका बाजूला ओतलेला. चढताना डावा पाय पुढे, मग उजवा ओढून त्याच पायरीवर, मग परत डावा. एकेका पायरीवर दोन्ही पाय, आणि एक तळवा भिंतीवर. किती साधं आणि किती खरं. हे त्याला नऊ जन्मांत स्वतःहून सुचलं नसतं. त्याने ते जसंच्या तसं अस्वलिणीला दिलं. स्टुडिओतली माणसं त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहू लागली. एक जण म्हणाला, हे अस्वल माझ्या सासूसारखं चढतंय, आणि सगळे हसले. बारक्याही हसला. फक्त चौथी पायरी साधत नव्हती. जिना तिथे वळत होता, आणि वळताना वजन कुठे जातं ते पकडता येत नव्हतं.

बुधवार तीन दिवसांवर आला होता. रविवारी वर्गाच्या मधल्या सुट्टीत मावशी शाल गुंडाळून सगळ्यांची चित्रं बघत फिरत होती. बारक्याने तिला घरची वही दाखवली, जरा मिरवायलाच. तिने दोन पानं उलटली, मग तिसरं. मग उलटी मागे गेली आणि कोपऱ्यातल्या तारखा बघत बघत पुन्हा पुढे आली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"कोण आहे ही?" तिने विचारलं.

"माझी बहीण."

"ती उजव्या पायावर भार देत नाहीये. आधी थोडा देत होती, आता अजिबात देत नाही." तिने वही मिटून त्याच्या हातात दिली. "सांध्याच्या दुखण्यात माणूस असा उभा राहत नाही, बाळा. वॉर्डात असे उभे राहणारे मी पाहिलेत. उद्या सकाळी एक्स-रे काढून घे मांडीचा. आणि तोवर तिला काही उचलू देऊ नकोस."

बारक्याने मान हलवली. घरी जाताना त्याने बसमध्ये वही उघडली. पान नाही, रेघ नाही, पहिल्यांदा ताई दिसली. ती दुखणाऱ्या पायाने, ओझं घेऊन, चाळीस पानं जिना चढत होती.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण इथवर बारक्याची चूक भाबडी होती आणि इथून पुढे ती तशी राहिली नाही. घरी पोचेपर्यंत त्याने हिशेब बसवला होता. सोमवारी इस्पितळात गेलं तर दिवस जाणार. मंगळवारी तपासण्या. बुधवार गेला. मावशी काही डॉक्टर नव्हे. इतके दिवस दुखतंय तर आणखी तीन दिवसांनी काय होणार? गुरुवारी सकाळी पहिलं काम ताईला घेऊन जायचं. त्याने स्वतःला तशी शपथही घातली. ताईने जेवायला वाढलं, वर्ग कसा झाला विचारलं, आणि तो मूग गिळून बसला.

सोमवारी त्याने तिला तीनदा चढवलं. तयार पडदा वर न्यायचाच होता, नाहीतरी ती चढलीच असती, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. पण पहिल्या फेरीनंतरच्या दोन फेऱ्या त्याच्या होत्या. चौथी पायरी तिन्ही वेळा हुकली.

मंगळवारी सकाळी तो म्हणाला, "ताई, शेवटचं. एकदाच."

ताईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग वाकली, गाठोडं उचललं आणि चढू लागली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या पायरीवर ती थांबली. तळवा भिंतीवर, मान खाली, तोंड किंचित उघडं, आतून काहीतरी ऐकू आल्यासारखं. बारक्याची पेन्सिल चालत होती. वळायचं तर डावा पाय उचलायला हवा होता, आणि तो उचलला की सगळा भार, तिचा आणि मखमलीचा, उजव्यावर. तिने डावा पाय उचलला. मशीनची सुई तुटते तसा बारीक आवाज आला, आणि ताई गाठोड्यासकट खाली आली.

ती ओरडली नाही. जिन्याच्या पायथ्याशी पडून म्हणाली, की पडदा मळला का बघ. तिची उजवी मांडी जिथे वाकायला नको तिथे वाकली होती.

इस्पितळाची गाडी आली. दोन माणसांना आत यायला वाट नव्हती, म्हणून बारक्याने पडद्याचं गाठोडं उचलून बाजूला केलं. हात खाली गेले ते वर येईनात. दोन पायांत अंतर घेऊन, कंबर खाली नेऊन, दुसऱ्या खेपेला ते उचललं गेलं. पाच आठवडे त्याने या ओझ्याची चित्रं काढली होती, आणि हात लावला तो आज. त्याला तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण माणसं म्हणाली, चला.

बुधवारी सकाळी ताईला ऑपरेशनला आत नेलं. बाहेर बसलेल्या बाईने सांगितलं की चारपर्यंत कुणाला भेटता येणार नाही. बारक्या बाकावर अर्धा तास बसला. मग उठून स्टुडिओत गेला. इथे बसून माझा उपयोग काय, असं तो मनाशी म्हणाला, आणि ते खरंच होतं. खरी सबब खोट्या सबबीपेक्षा वाईट, तिला झिडकारता येत नाही. त्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि दीड तासात चौथी पायरी केली. वही लागली नाही. अस्वलीण चौथ्या पायरीवर थांबते, पंजा भिंतीवर टेकवते, मान खाली घालते, तोंड किंचित उघडतं. मग वळते आणि वर निघून जाते.

बाराला सगळे अंधाऱ्या खोलीत जमले. शॉट लागला. अस्वलिणीच्या डुलत्या चालीवर सुरुवातीला हशा पिकला. चौथ्या पायरीवर तो आपोआप बंद झाला. दिवे लागल्यावर मास्तरांनी बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे थांबणं कुठून आणलंस?"

"घरून," बारक्या म्हणाला.

यादीत त्याचं नाव पहिलं होतं. मास्तर इतरांना सांगत होते की बघा, जिवंत माणूस समोर बसवला की काय होतं ते. बारक्याने यादी पाहिली, पिशवी उचलली आणि चारच्या आत इस्पितळात पोचला.

गुरुवारी डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. मांडीचं हाड आतून पोखरलेलं होतं, म्हणून पडल्यामुळे मोडलं नव्हतं, मोडल्यामुळे ती पडली होती. आणि दुखण्याचं मूळ हाडात नव्हतंच, दुसरीकडे होतं, तिथून ते इथे आलं होतं. पायात सळी घातली आहे, दुखणं कमी होईल. बाकीचं किती दिवसांचं ते आत्ता सांगत नाही. कधीपासून त्रास होता, त्यांनी विचारलं. बारक्याने पिशवीतून वही काढून दिली. डॉक्टरांनी पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातली तारीख वाचली.

"इथून," ते म्हणाले. "हे तुम्ही काढलंय?"

"हो."

त्यांनी वही मिटून परत दिली.

ताईला सगळं सांगून झालं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ती उशीला टेकून बसली होती. तीन दिवसांत तोंड एवढंसं झालं होतं. बारक्या स्टूल ओढून बसला. ती आधी कामाचं बोलली. पडदे शनिवारी न्यायला येतील, दोन दुरुस्त व्हायचे राहिलेत, ते तसेच दे. राखाडी कोटाची बाही उसवलेली आहे, त्या माणसाला सांग दुसरीकडे जा.

"मला कळलं होतं रे," ती म्हणाली. "गाऊनची कड उजवीकडे जमिनीला लागायला लागली. मी माप घेतलं, दीड बोट. गिऱ्हाइकाचं अंग एका बाजूला गेलं की आम्ही त्याला सांगत नाही, कपडा सरळ करून देतो. तसा माझा मी करून घेतला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज बघत होतास ना," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "समोर बसून, डोळे फाडून. एवढं तर आईनेही कधी बघितलं नसेल मला. म्हटलं, याला सगळं दिसतंय. काही वाईट असतं तर हा बोलला असता. तू बोलत नव्हतास, म्हणून मी निर्धास्त होते."

एवढ्यावर गप्प राहता आलं असतं. तिने त्याला दोष दिलाच नव्हता. मास्तर, मावशी, डॉक्टर, कुणीही येऊन तिला रविवारचं सांगणार नव्हतं. बारक्याने स्टूलची कड दोन्ही हातांनी धरली.

"मला रविवारी कळलं, ताई," तो म्हणाला. "वर्गातल्या मावशीने सांगितलं. उचलू देऊ नकोस म्हणाली. मी गुरुवारी घेऊन जाणार होतो तुला."

ताई बघत राहिली. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला कुणीतरी पाणी पाजत होतं.

"सोमवारी किती वेळा चढवलंस मला?"

"तीन."

"आणि मंगळवारी म्हणालास शेवटचं."

"हो."

तिने मान भिंतीकडे फिरवली. बराच वेळ तशीच होती. बारक्याला वाटलं झोप लागली असेल, पण चादरीवरची तिची बोटं हलत होती, दुमड घातल्यासारखी कड पुन्हा पुन्हा आत घेत होती.

"झाला का तुझा शॉट पास?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं.

"झाला."

"बरं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आता जा तू. उद्या येऊ नकोस."

बारक्या उठला. त्याने स्टूल जागेवर ठेवलं, पाण्याचा तांब्या तिच्या हाताला लागेल असा सरकवला, आणि खाटांच्या मधून दाराकडे निघाला. दारापाशी पोचला तेव्हा मागून तिचा आवाज आला, मोठा नव्हता, पण त्याला नेमका ऐकू गेला.

"बारक्या," ती म्हणाली. "परवा ये."